अंतर ठरलेलं, वेळ वाऱ्यावर

भिंतीवरच्या नकाशात टोकियो आणि न्यूयॉर्क जवळपास एकाच आडव्या रेषेत दिसतात. पट्टी ठेवून रेघ ओढली तर ती प्रशांत महासागर ओलांडून सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपास अमेरिकेत शिरते. आता पृथ्वीचा गोल घ्या, दोन्ही शहरांवर दोऱ्याची टोकं धरा आणि दोरा ताणा. तो सरकत सरकत वर चढतो आणि पार अलास्कावर जाऊन बसतो. हा ताणलेला दोरा म्हणजे खरं, सर्वांत कमी अंतर, सुमारे १०,८५० किलोमीटर.

दोरा वर चढतो, कारण ध्रुवाकडे जावं तशी रेखावृत्तं एकमेकांजवळ येतात. विषुववृत्तावर एक अंश पूर्वेला सरकायचं तर १११ किलोमीटर जावं लागतं, ६० अंश अक्षांशावर त्याच्या निम्मंच. समजा, ६० अंश उत्तरेला पृथ्वीच्या अगदी समोरासमोरच्या बाजूंवर दोन गावं आहेत. अक्षवृत्त धरून गेलात तर १०,००० किलोमीटर पडतील, ध्रुवावरून गेलात तर ६,७०० सुद्धा नाहीत.

अंतराचं एवढंच. वेळेचं प्रकरण मात्र जास्त मजेदार आहे.

लंडन–न्यूयॉर्क अंतर सुमारे ५,५५० किलोमीटर. विमानाच्या वेळापत्रकात लंडनहून जायला साधारण आठ तास लिहिलेले असतात, परतीला सातच. पृथ्वी फिरते म्हणून असं होतं, असं पुष्कळांना वाटतं. पण पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते. म्हणजे त्या हिशेबाने न्यूयॉर्कच विमानाला सामोरं यायला हवं! तसं होत नाही, कारण हवाही पृथ्वीबरोबरच फिरते.

खरा खेळ जेट स्ट्रीमचा. साधारण ९ ते १२ किलोमीटर उंचीवरून पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा हा वारा हिवाळ्यात ताशी २०० किलोमीटरच्याही पुढे जातो. जपानच्या वासाबुरो ओइशी यांनी १९२०च्या दशकात फुगे सोडून तो मोजला होता. निष्कर्ष छापले ते एस्पेरांतो या मुद्दाम घडवलेल्या, मोजक्यांनाच येणाऱ्या भाषेत, त्यामुळे वाचणार कोण?

फेब्रुवारी २०२० मध्ये याच वाऱ्यावर स्वार होऊन एक बोइंग ७४७ न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोहोचलं. जमिनीच्या हिशेबाने वेग ताशी १,३०० किलोमीटरच्या वर, तरी ध्वनीचा वेग काही ओलांडला नाही. ध्वनीशी तुलना करताना विमानाचा वेग मोजायचा भोवतालच्या हवेच्या तुलनेत, आणि ती हवाच धावत होती. अशा वाऱ्यासाठीच विमानांचे मार्ग आखणारी मंडळी दोऱ्याची वाट सोडून कधी मुद्दाम लांबून जातात: पाठीशी वारा मिळाला की लांबचा रस्ता लवकर संपतो.

मग जाताना गमावलेलं येताना भरून निघतं का? ताशी ९०० च्या विमानाला १०० चा वारा लागला, तर ५,५५० किलोमीटर जायला सुमारे ६ तास ५६ मिनिटं, यायला ५ तास ३३ मिनिटं. बेरीज १२ तास २९ मिनिटं. वारा नसता तर १२ तास २० मिनिटांत काम झालं असतं. नऊ मिनिटं जातात ती जातातच, कारण विरुद्ध वाऱ्यात विमान जास्त वेळ असतं.