वॉसरस्टीन, ब्रूस

वॉसरस्टीन, ब्रूस : (25 डिसेंबर 1947 – 14 ऑक्टोबर 2009). कंपन्यांची विलीनीकरणे आणि खरेदी-विक्री जुळवून देणारे अमेरिकन बँकर. या धंद्यातला सल्लागार सहसा पदरचे भांडवल घालत नाही. किंमत किती लावायची, बोली कधी वाढवायची, समोरच्या संचालक मंडळाला कसे वळवायचे हे तो सांगतो आणि त्याची फी घेतो. फीचा मोठा भाग सौदा तडीस गेला तरच मिळतो. पुढे ती कंपनी चालली की बुडाली याच्याशी त्याचा संबंध नसतो. वॉसरस्टीन यांची कीर्ती आणि बदनामी, दोन्ही इथूनच आल्या.

जन्म न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात. नाटककार वेंडी वॉसरस्टीन या त्यांच्या धाकट्या भगिनी. मिशिगन विद्यापीठाची पदवी त्यांनी एकोणिसाव्या वर्षीच मिळवली. मग हार्वर्डमधून कायदा आणि व्यवस्थापन हे दोन्ही अभ्यासक्रम पुरे केले. वकिली करीत असताना फर्स्ट बोस्टन बँकेच्या जोसेफ पेरेला यांनी त्यांना हेरले आणि 1977 मध्ये बँकेत आणले. पेरेला उंचनिंच आणि गोडबोले, तर वॉसरस्टीन ठेंगणे, गबाळे, पण डावपेचात तरबेज. पुढची दहा-अकरा वर्षे ही जोडी वॉल स्ट्रीटवर गाजली.

1981 मध्ये कोनोको या तेल कंपनीसाठी मद्याची सीग्रॅम, तेलाची मोबिल आणि रसायनांची ड्यू पाँट अशी तिघांत चुरस लागली. फर्स्ट बोस्टन ड्यू पाँटच्या बाजूने होती. मोबिलची बोली सर्वांत मोठी होती. पण एका तेल कंपनीने दुसरी घ्यायची म्हणजे मक्तेदारीविरोधी कायद्यात सौदा अडकणार, ही धास्ती भागधारकांना होती. त्यांनी ड्यू पाँटचे कमी पैसे घेतले, पण खात्रीचे घेतले. सुमारे 7.5 अब्ज डॉलरचा हा सौदा तोवरचा सर्वांत मोठा ठरला. कायद्याचे शिक्षण कुठे कामी येते, ते इथे दिसते.

गेटी ऑइलचे प्रकरण मात्र अंगाशी आले. सल्लागाराच्या नव्हे, गिऱ्हाइकाच्या. जानेवारी 1984 मध्ये गेटी आणि पेन्झॉइल या दोन तेल कंपन्यांत समभागामागे 112.50 डॉलरवर बोलणी ठरल्यासारखीच होती. तेवढ्यात वॉसरस्टीन सल्लागार असलेल्या टेक्साकोने 125, मग 128 डॉलर देऊ केले आणि कंपनी उचलली. पेन्झॉइल कोर्टात गेली. ‘ठरल्यासारखी’ म्हणजे ठरलेलीच, असा कौल ह्यूस्टनच्या ज्यूरीने 1985 मध्ये दिला आणि 10.53 अब्ज डॉलरची भरपाई ठोठावली. टेक्साकोला 1987 मध्ये दिवाळखोरीचा आसरा घ्यावा लागला. अखेर 3 अब्जांवर तडजोड झाली.

1988 मध्ये दोघांनी फर्स्ट बोस्टन सोडून ‘वॉसरस्टीन पेरेला’ ही पेढी काढली. जपानच्या नोमुराने 10 कोटी डॉलर देऊन तिचा पाचवा हिस्सा घेतला. त्याच वर्षी कॅनडाचे बांधकाम उद्योजक रॉबर्ट कॅम्पो यांनी वॉसरस्टीन यांच्या सल्ल्याने फेडरेटेड ही दुकानांची साखळी सुमारे 6.6 अब्ज डॉलरला, बव्हंशी कर्ज काढून, घेतली. जानेवारी 1990 मध्ये ती दिवाळखोरीत गेली. ‘बिड-एम-अप ब्रूस’, म्हणजे बोली चढवायला लावणारा ब्रूस, हे टोपणनाव याच काळात पक्के झाले. त्यांना ते मुळीच आवडत नसे. ते अगदीच अनाठायी होते, असे मात्र म्हणता येत नाही.

पेरेला 1993 मध्ये बाहेर पडले. वॉसरस्टीन यांनी 2000 मध्ये पेढी जर्मनीच्या ड्रेस्डनर बँकेला सुमारे 1.4 अब्ज डॉलरला विकण्याचा सौदा केला. आयुष्यभर दुसऱ्यांच्या कंपन्यांची किंमत चढवणाऱ्या माणसाने स्वतःच्या पेढीचीही चांगलीच वसूल केली. 2002 पासून ते लाझार या जुन्या पेढीचे प्रमुख होते. संस्थापक घराण्यातले मिशेल दाव्हिद-व्हेल यांच्याशी त्यांचा खटका उडाला. 2005 मध्ये त्यांनी पेढी शेअर बाजारात आणली आणि दाव्हिद-व्हेल बाहेर पडले.

क्राफ्ट या अमेरिकन खाद्यपदार्थ कंपनीने 2009 च्या सप्टेंबरात ब्रिटनच्या कॅडबरीवर बोली लावली, तेव्हा लाझार क्राफ्टच्या सल्लागारांत होती. सौदा रंगात असतानाच वॉसरस्टीन वारले. जानेवारी 2010 मध्ये, बोली आणखी वाढवून, तो पक्का झाला आणि त्याबरोबर मुंबईची कॅडबरी इंडियाही नव्या मालकाकडे गेली. 2014 मध्ये तिचे नाव मोंडेलीझ झाले. ठाण्यातल्या नाक्याला लोक अजून कॅडबरी जंक्शनच म्हणतात.