अडवलं म्हणजे नक्की काय केलं?

1991 च्या जानेवारीत आपल्याकडे गच्चीगच्चीवरून केबलच्या तारा नुकत्या कुठे लोंबायला लागल्या होत्या. आखाती युद्ध हे अनेकांनी घरबसल्या पाहिलेलं पहिलं युद्ध. त्यातलं एक दृश्य त्या काळच्या कुणालाही आठवेल. काळंकुट्ट आकाश, खालून सुळकन वर जाणारा उजेडाचा ठिपका, मग पांढरा लखलखाट. इराकचं स्कड क्षेपणास्त्र आलं आणि अमेरिकेच्या पॅट्रियट या क्षेपणास्त्रविरोधी क्षेपणास्त्रानं ते हवेतच उडवलं. निवेदकही तेच सांगत होता, डोळ्यांनाही तेच दिसत होतं.

15 फेब्रुवारीला अमेरिकेचे अध्यक्ष थोरले जॉर्ज बुश मॅसॅच्युसेट्समधल्या अँडोव्हरला, पॅट्रियट बनवणाऱ्या रेथिऑनच्या कारखान्यात गेले. कामगारांसमोर त्यांनी हिशेब मांडला: 42 स्कडना गाठलं, 41 अडवली.

यातला ‘अडवली’ हा शब्द जरा धरून ठेवा. एप्रिल 1992 मध्ये अमेरिकी संसदेतल्या प्रतिनिधिगृहाच्या एका उपसमितीनं या आकड्याची उलटतपासणी केली, तेव्हा लष्कराच्या एका ब्रिगेडियर जनरलनं खुलासा केला की अध्यक्ष ‘अडवली’ म्हणाले होते, ‘नष्ट केली’ नव्हे. अडवलं याचा अर्थ पॅट्रियट आणि स्कड आकाशात एकमेकांच्या वाटेवर आले. या हिशेबानं खंडाळ्याच्या घाटात रोज हजारो गाड्या एकमेकींना अडवतात.

मग त्या लखलखाटाचं काय? तो खोटा नव्हता. पण तो होता पॅट्रियटचा स्वतःचा स्फोट. पॅट्रियटचा जन्म विमानं पाडण्यासाठी झालेला. लक्ष्याला धडकायचं नाही, जवळ जाऊन फुटायचं आणि धातूच्या तुकड्यांचा मारा करायचा, ही त्याची रीत. विमानाला ती पुरते, कारण पंख किंवा इंजिन जायबंदी झालं की विमान कोसळतं. स्कड तर मुळात कोसळतच असतं! त्याची शेपटी उडवा, टाकी फोडा, पुढच्या टोकातली स्फोटकं शाबूत असली तर ती खाली येणारच. स्कड निकामी करायचं तर नेमका त्या टोकावर घाव बसायला हवा.

त्यात इराकी स्कड म्हणजे घरगुती उद्योग. सोव्हिएत बनावटीच्या मूळ स्कडचा पल्ला 300 किलोमीटर. इराकी तंत्रज्ञांनी इंधनाची टाकी लांबवली, स्फोटकं कमी केली आणि पल्ला दुपटीच्या वर नेला. हे लांबुडकं प्रकरण वातावरणात परत शिरताना मोडायचं, गिरक्या घेत यायचं. रडारवर एकाऐवजी चार-पाच तुकडे दिसत, त्यातला स्फोटकांचा कुठला हे ओळखणं महाकठीण. खराब बांधणीनंच स्कडला जणू सोंगं पुरवली होती.

एमआयटीतले प्राध्यापक थिओडोर पोस्टल आणि त्यांचे सहकारी जॉर्ज लुइस यांनी दूरचित्रवाणीच्या त्याच चित्रफिती घेतल्या आणि एकेक चौकट थांबवून पाहिल्या. लखलखाट होतो आणि पुढच्या चौकटीत स्कड आपल्या वाटेनं खाली चाललेलं असतं. मग जमिनीवर दुसरा स्फोट. टीकाकारांचा एक आक्षेप रास्त होता: सेकंदाला 30 चौकटी म्हणजे दोन चौकटींमध्ये स्कड पन्नास मीटरच्या वर सरकतं, एवढ्या भरड पुराव्यावरून पॅट्रियट किती अंतरावर फुटलं हे कसं सांगणार? पण जमिनीवर झालेला स्फोट पाहायला सूक्ष्म कॅमेरा लागत नाही. यश मोजायचं तर वरचा उजेड नको, खालचा खड्डा बघा, एवढं साधं त्यांचं म्हणणं.

लष्कराचे आकडे मग पायरी पायरीनं उतरले. आधी सौदी अरेबियात 80 टक्के आणि इस्रायलमध्ये 50, मग 70 आणि 40. अमेरिकी संसदेच्या हिशेब तपासनीस कार्यालयानं 1992 च्या सप्टेंबरात सांगितलं की स्फोटकांचं टोक निकामी झाल्याचा भक्कम पुरावा सुमारे 9 टक्के प्रसंगांतच आहे. याचा अर्थ उरलेली सगळी चुकली असा नाही. त्यांच्याबद्दल तेवढा भक्कम पुरावा नाही, इतकंच.

युद्ध चालू असताना लोकांना धीर द्यायला सरकारं फुगवून बोलतात, ते मी एक वेळ समजू शकतो. इस्रायलनं युद्धात उतरू नये म्हणूनही पॅट्रियटचा गाजावाजा कामी आला. पण युद्ध संपलं तरी आकडा निवृत्त झाला नाही. क्षेपणास्त्रविरोधी कार्यक्रमांसाठी पैसे मागताना तो साक्षीला उभा केला जात राहिला.

25 फेब्रुवारी 1991 ची रात्र मात्र शब्दांत गुंडाळता येण्यासारखी नव्हती. सौदी अरेबियात धाहरानला एका स्कडनं अमेरिकी सैनिकांची बराक उडवली, 28 जण मेले. तिथल्या पॅट्रियट तुकडीनं एकही क्षेपणास्त्र सोडलं नाही. कारण सापडलं ते घड्याळात. पॅट्रियटचा संगणक वेळ मोजायचा सेकंदाच्या दहाव्या भागात. आपल्या दशमान पद्धतीत एक तृतीयांश लिहायला गेलं की 0.333 करत तीन संपतच नाहीत, तसा संगणकाच्या द्विमान पद्धतीत एक दशांश संपत नाही. 24 अंकांच्या जागेत तो कापून बसवला होता. कापलेला भाग दर ठोक्याला फक्त 0.000000095 सेकंद. पण यंत्रणा सलग 100 तास चालू होती, म्हणजे 36 लाख ठोके. साचलेली चूक झाली 0.34 सेकंद, आणि तेवढ्यात स्कड अर्ध्या किलोमीटरहून पुढे जातं. रडार आकाशाचा भलताच तुकडा न्याहाळत बसलं आणि तिथे काहीच नसल्यानं इशारा खोटा ठरवून मोकळं झालं.

इस्रायलींनी 11 फेब्रुवारीलाच कळवलं होतं की आठ तासांतच नेम सरकायला लागतो. त्यानंतर तुकड्यांना संदेश गेला: यंत्रणा ‘फार वेळ’ चालवू नका. फार म्हणजे किती, ते त्यात नव्हतं. बंद करून पुन्हा चालू करायला मिनिट-दीड मिनिट लागलं असतं. दुरुस्त केलेला प्रोग्राम धाहरानला पोहोचला 26 तारखेला.

आणि एक लक्षात घ्या. ज्याच्यावर पॅट्रियट सुटलंच नाही, ते स्कड ‘गाठलेल्यां’च्या यादीत येत नाही. ‘42 पैकी 41’ अशा हिशेबात धाहरानला जागाच नाही.

आजचं पॅट्रियट वेगळं आहे. त्याची नवी पिढी थेट धडकते आणि 1991 वरून तिला जोखणं अन्यायाचं होईल. आकडे सांगण्याची रीत मात्र बदलली नाही. क्षेपणास्त्रांपासून अमेरिकेच्या भूमीचं रक्षण करणारी मोठी यंत्रणा अलास्का आणि कॅलिफोर्नियात आहे. 2017 च्या मेपर्यंत तिच्या 18 अडवणूक-चाचण्यांपैकी 10 यशस्वी झाल्या होत्या, म्हणजे 56 टक्के, तेही वेळ-काळ आधी ठरवून. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अध्यक्ष ट्रम्प एका मुलाखतीत म्हणाले की आपलं क्षेपणास्त्र 97 टक्के वेळा पाडतं, आणि एकावर दोन डागली तर काम झालंच.

56 चे 97 कसे होतात? एका लक्ष्यावर चार सोडा. एक चुकण्याची शक्यता 0.44, चारही चुकण्याची 0.44 चार वेळा गुणून पावणेचार टक्के. उरले सव्वाशहाण्णव, 97 च्या अगदी शेजारी. म्हणजे चार मिळून येणारा आकडा एकट्याच्या नावावर चढला. शिवाय हा गुणाकार चालतो तो एकाचं चुकणं दुसऱ्याच्या चुकण्याशी संबंध ठेवत नसेल तरच, नाण्याच्या छाप्याकाट्यासारखं. एकाच कारखान्यातली, एकाच आराखड्याची चार क्षेपणास्त्रं म्हणजे एकाच माळेचे मणी. आराखड्यात खोट असेल तर चारही सोबतच चुकतील.

आणि तशी खोट निघालीही होती. याच यंत्रणेची डिसेंबर 2010 मधली चाचणी फसली, कारण उड्डाणातल्या कंपनांनी धडक देणाऱ्या नव्या नमुन्याच्या भागातलं दिशा मोजणारं उपकरण बिघडवलं. त्या नव्या नमुन्याची पहिली यशस्वी धडक झाली जून 2014 मध्ये. तोवर त्याच नमुन्याची काही क्षेपणास्त्रं जमिनीखालच्या विहिरींत बसवून झाली होती, आणि कागदोपत्री ती सज्ज होती.