पहाटे चारचं पाणी

तलावाच्या पाण्याचा नमुना सहसा दिवसा घेतला जातो. कर्मचारी कामावर येतात, बाटल्या भरतात आणि त्या प्रयोगशाळेत जातात. पाण्यात राहणारे किडे, गोगलगाई आणि शिंपले मात्र रात्रीही तिथेच असतात. सांडपाण्यामुळे हिरव्या पडलेल्या पाण्यात त्यांच्या जगण्या-मरण्याचा निकाल अनेकदा रात्री लागतो.

मुंबईच्या तलाव-नद्यांत प्लास्टिक तरंगतं म्हणून ते आपल्याला दिसतं. नायट्रोजन आणि फॉस्फरस दिसत नाहीत. ते येतात मलमूत्रातून, तबेल्यांच्या शेणातून, काही साबण-पावडरींतून, निर्माल्यातून. ही विषं नाहीत, वनस्पतींचं अन्न आहे. १९७३ साली कॅनडातल्या एका तलावाचे मधोमध पडदा लावून दोन भाग केले गेले. कार्बन आणि नायट्रोजन दोन्हीकडे घातले, फॉस्फरस फक्त एकीकडे. काही आठवड्यांत ती एकच बाजू शेवाळाने हिरवीगार झाली. मुंबईच्या पवई तलावात जलपर्णी पुन्हा पुन्हा का माजते, याचं उत्तर यातच आहे. यंत्राने ती कितीही काढली, तरी तिला पोसणारं सांडपाणी येत राहिलं की ती परत येणारच.

आता प्राणवायूचा हिशेब. दिवसा शेवाळ प्राणवायू सोडतं. ऐन दुपारी हिरव्या पाण्यात तो नेहमीपेक्षाही जास्त भरतो, आणि तेव्हा घेतलेला नमुना चांगला आकडा दाखवतो. सूर्य मावळला की तेच शेवाळ, तळाचे जीवाणू आणि इतर सगळे जीव मिळून तो वापरायला लागतात. पहाटेपर्यंत साठा तळाला लागतो. मुंबईसारख्या उष्ण शहरात हे अधिक बिकट, कारण ३० अंश सेल्सिअसच्या पाण्यात मुळातच लिटरमागे साडेसात मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू मावतो. जलपर्णीच्या दाट थराखाली तर दिवसाही उजेड पोचत नाही आणि वरची हवा नीट मिसळत नाही.

सांडपाण्यातला अमोनिया या साठ्यावर आणखी डल्ला मारतो. एक ग्रॅम अमोनिया-नायट्रोजनचं नायट्रेट करताना जीवाणू सुमारे साडेचार ग्रॅम प्राणवायू खर्च करतात. एक माणूस दिवसाला साधारण १० ग्रॅम नायट्रोजन बाहेर टाकतो. तो सगळा पाण्यात जाऊन नायट्रेट झाला, तर सुमारे ६००० लिटर पाण्यातला प्राणवायू संपेल. हे एका माणसाचं, एका दिवसाचं गणित. काठावरच्या वस्त्या आणि सोसायट्यांतली माणसं त्यात धरा.

अमोनियाचं दुसरं रूप त्याहून घातक. पाण्यात तो दोन प्रकारांत असतो. त्यातला विद्युतभाररहित प्रकार कल्ल्यांतून सहज शरीरात शिरतो आणि विषारी ठरतो. २५ अंशाला, सामू (पाणी आम्ल की अल्कली हे सांगणारं माप, pH) ७ असताना, एकूण अमोनियात त्याचा वाटा एक टक्क्याहूनही कमी असतो. सामू ९ झाला की तो एक तृतीयांशाच्या वर जातो. आणि सामू चढवतं कोण? तेच शेवाळ, दुपारच्या उन्हात पाण्यातला कार्बन डायऑक्साइड शोषून. म्हणजे ज्या जीवाला रात्री श्वास कोंडतो, त्याला दुपारी विष मिळतं. एका वेळच्या नमुन्यात ही दोन्ही संकटं एकत्र सापडणं कठीणच.

गोड्या पाण्यातले शिंपले या विषाला विशेष हळवे. तळाच्या गाळात रुतून राहिल्यामुळे त्यांना पळताही येत नाही. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २०१३ मध्ये अमोनियाच्या मर्यादा अधिक कडक केल्या, त्याचं मोठं कारण शिंपले आणि गोगलगाई यांच्यावरचे प्रयोग होते.

पण मेलेल्या जीवांचीच यादी केली तर चित्र अर्धवट राहील. घाण पाण्याच्या गाळात हात घातला तर तो वळवळणाऱ्या जीवांनी भरलेला असू शकतो. ट्युबिफेक्स हा लाल कृमी तळात डोकं खुपसून शेपूट पाण्यात हलवत राहतो. कायरोनोमस माशीच्या अळ्याही लाल असतात. दोघांच्याही शरीरात हिमोग्लोबिन असल्याने प्राणवायू अगदी थोडा असला तरी त्यांचं भागतं. मत्स्यालयातल्या माशांना घालतात ते जिवंत लाल किडे हेच. क्युलेक्स डासाच्या अळीला पाण्यातल्या प्राणवायूची गरजच नाही. ती पृष्ठभागावर नळी काढून थेट हवा घेते. काही गोगलगाईही हवेवर जगतात. उलट मेफ्लाय या उडणाऱ्या किड्याच्या पाण्यात वाढणाऱ्या पिल्लांना पोटाच्या बाजूंना नाजूक कल्ले असतात आणि टाचणी या चतुरासारख्या बारीक किड्याच्या पिल्लांना शेपटीशी पानांसारखे तीन. तळाशी श्वास पुरेनासा झाला की त्यांतल्या हळव्या जाती आधी जातात. टाचण्या आणि चतुर यांची पिल्लं डासांच्या अळ्या खातात. ती कमी झाली आणि क्युलेक्स राहिला, तर त्याचा त्रास काठावरच्या घरांना होतो. किड्यांची संख्या वाढते आणि जाती घटतात; ‘पाण्यात जीव आहेत’ एवढ्यावर समाधान मानू नये ते यासाठी.

याच फरकावर पाणी तपासण्याची पद्धत उभी आहे. ब्रिटनमध्ये अनेक वर्षं वापरलेल्या गुणपद्धतीत जीव जितका हळवा तितके गुण जास्त: ट्युबिफेक्ससारख्या कृमींना १ गुण, कायरोनोमसच्या कुटुंबाला २, तर स्टोनफ्लाय आणि मेफ्लाय या किड्यांच्या अनेक कुटुंबांना १० गुण मिळत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानेही भारतीय पाण्यासाठी असे जैविक निकष बनवले आहेत. मला ही पद्धत रासायनिक चाचणीपेक्षा प्रामाणिक वाटते, कारण मेफ्लायचं पिल्लू आठवडेच्या आठवडे पाण्यात काढतं. त्यातली एक रात्र जरी प्राणवायू संपला तरी ते सहसा जगत नाही.

मुंबईत ही तुलना करण्याची विलक्षण सोय आहे. १८६० साली पूर्ण झालेला विहार तलाव आजही शहराला पिण्याचं पाणी देतो, कारण त्याचं पाणलोट क्षेत्र जंगलात राखलेलं आहे. पवई त्याला अगदी लागून, तोही पिण्याच्या पाण्यासाठीच बांधलेला. आज त्याचं पाणी पिण्याजोगं नाही. दहिसर नदी संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात वाहते तेव्हा आणि वस्तीतून, तबेल्यांजवळून जाते तेव्हा, ही एकच नदी आहे यावर विश्वास बसत नाही. प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी उद्यानाची परवानगी काढून पावसाळा ओसरल्यावर दोन्हीकडचे दगड उलटून पाहावेत. जाळी, पांढरा ट्रे आणि भिंग पुरे. पकडलेले जीव ओळखून परत सोडून द्यायचे. दरवर्षी त्याच जागी हे केलं तर बऱ्याच गोष्टी आपोआप बोलू लागतील.

सांडपाणी थांबलं तर काय परतेल? उडणारे कीटक तुलनेने लवकर, कारण उद्यानातले वरचे ओढे जवळ आहेत. तलावाला मात्र वेळ लागेल. गाळात लोहाशी बांधलेला फॉस्फरस प्राणवायू संपला की पुन्हा पाण्यात सुटतो, म्हणून सांडपाणी बंद झाल्यावरही शेवाळाला वर्षानुवर्षं खाद्य मिळत राहतं. सगळ्यांत उशिरा येतील शिंपले. त्यांच्या बहुतेक जातींची पिल्लं आधी माशाच्या कल्ल्यांना किंवा परांना चिकटून वाढतात आणि मग तळाशी उतरतात. म्हणजे आधी योग्य मासे यायला हवेत, आणि ती पिल्लं उतरतील तो गाळ पहाटेही श्वास घेता येईल असा असायला हवा.