लहान निवासी महाविद्यालय

लहान निवासी महाविद्यालय : सर्व किंवा जवळजवळ सर्व विद्यार्थी जिथे आवारातच राहतात, जेवतात आणि शिकतात, आणि ज्याची पटसंख्या काही डझनांपासून फार तर दीड-दोन हजारांपर्यंत असते, असे महाविद्यालय. वसतिगृह असलेले महाविद्यालय आणि निवासी महाविद्यालय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्यात वसतिगृह ही लांबून आलेल्यांची सोय असते. ते बंद पडले तरी वर्ग भरतात. दुसऱ्यात एकत्र राहणे हा शिक्षणाचाच भाग मानलेला असतो. म्हणून वेळापत्रक, इमारतींची मांडणी, शिस्तीचे नियम, अगदी ग्रंथालय रात्री किती वाजता बंद करायचे हेसुद्धा मुक्कामी राहणाऱ्यांकडे पाहून ठरते. ‘लहान’ कशाला म्हणायचे याचा सर्वमान्य आकडा नाही. भोजनगृहात एका वेळी सगळे मावतात आणि दोन दिवस न दिसलेला मुलगा कोणाच्या तरी लक्षात येतो, एवढी ढोबळ कसोटी पुरते.

पूर्वपीठिका : या संस्थेचा उगम शिकवण्यात नाही, खाटांत आहे. ११८० मध्ये जेरूसलेमहून परतलेल्या जोसियस नावाच्या लंडनच्या गृहस्थाने पॅरिसच्या ओतेल-द्यू रुग्णालयातील एक खोली अठरा गरीब विद्यार्थ्यांना राहण्यासाठी कायमची मिळवून दिली. बदल्यात रुग्णालयात कोणी मरण पावले की या मुलांनी आळीपाळीने क्रूस आणि पवित्र जल घेऊन प्रेतापुढे चालायचे. पुढे या संस्थेला नावच पडले ‘अठरांचे कॉलेज’. पटसंख्या म्हणजे खाटांची संख्या, हे गणित आजही बदललेले नाही. त्यानंतर १२५७ मध्ये रोबेर द सॉर्बाँ यांनी पॅरिसमध्ये धर्मशास्त्राच्या गरीब विद्यार्थ्यांसाठी कॉलेज काढले आणि १२६४ मध्ये ऑक्सफर्डचे मर्टन कॉलेज स्थापन झाले. मर्टनमधील ‘मॉब क्वॉड’ हा चारी बाजूंनी इमारतींनी वेढलेला छोटा चौक १३व्या-१४व्या शतकांत टप्प्याटप्प्याने उभा राहिला. ऑक्सफर्डमध्येच १३७९ साली विल्यम ऑफ विकहॅम यांनी न्यू कॉलेज काढले, तेव्हा मात्र प्रार्थनागृह, भोजनगृह, ग्रंथालय आणि राहत्या खोल्या यांचा एकत्रित विचार करूनच आराखडा केला गेला.

भारतात या संदर्भात गुरुकुलाचा दाखला द्यायची रूढी आहे. तो नीटसा लागू पडत नाही, कारण गुरुकुल म्हणजे गुरूचे घर. शिष्य त्या कुटुंबात मिसळून राही. रचनेच्या दृष्टीने नालंदा जास्त जवळचे आहे. तिथल्या उत्खननात सापडलेल्या विहारांत मधे मोकळे अंगण आणि भोवती भिक्षूंच्या खोल्या अशी मांडणी दिसते. नालंदा लहान मुळीच नव्हते, पण त्यातला एकेक विहार हा स्वतंत्र निवासी घटक म्हणून पाहिला तर साम्य लगेच लक्षात येते.

स्त्रियांच्या उच्च शिक्षणाचा आरंभ तर बऱ्याच ठिकाणी अशा छोट्या निवासी संस्थांतूनच झाला. मेरी लायन यांनी १८३७ मध्ये अमेरिकेत माउंट होल्योकची संस्था सुरू केली. एमिली डेव्हिस यांच्या पुढाकाराने १८६९ मध्ये इंग्लंडमधील हिचिन गावी भाड्याच्या घरात पाच विद्यार्थिनींवर सुरू झालेले कॉलेज १८७३ मध्ये केंब्रिजजवळ गर्टन येथे गेले. पाच मुली आणि एक घर, एवढ्यावर कॉलेज म्हणवून घेता येत होते ही गोष्ट आजच्या मान्यतांच्या जंजाळात विसरायला होते.

इमारतींची रचना : राहत्या इमारतीचे दोन जुने नमुने आहेत. पहिला जिन्याचा. चौकातून थेट वर जाणारे अनेक जिने असतात आणि प्रत्येक मजल्यावर जिन्याला लागून दोन-चार खोल्या. शेजारच्या जिन्यावरच्या मित्राकडे जायचे तर खाली चौकात उतरून पुन्हा चढावे लागते. दुसरा कॉरिडॉरचा : मधे लांब बोळ, दोन्ही बाजूंना खोल्या, टोकाला न्हाणीघरे. गर्टनच्या इमारतीत वास्तुरचनाकार आल्फ्रेड वॉटरहाउस यांनी केंब्रिजच्या परंपरेतले जिने सोडून कॉरिडॉर घेतले. कॉरिडॉर बांधायला सोपा आणि नजर ठेवायला त्याहून सोपा, म्हणून पुढे जगभर तोच पसरला.

राहणाऱ्यांना तो कसा वाटतो, हा वेगळा प्रश्न. १९७०च्या दशकात अँड्र्यू बाउम आणि स्टुअर्ट व्हॅलिन्स या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेत दोन प्रकारच्या वसतिगृहांची तुलना केली. एकात सुमारे ३४ विद्यार्थी एकच कॉरिडॉर, न्हाणीघर आणि बैठकीची खोली वापरत. दुसऱ्यात चार ते सहा जणांच्या गटाला स्वतःचे न्हाणीघर आणि बैठक होती. माणशी जागा जवळपास सारखीच होती, तरी कॉरिडॉरमधल्यांना गर्दी जास्त जाणवली, आणि वसतिगृहाबाहेरही ते अनोळखी माणसापासून अंतर राखून बसू लागले. नको त्या वेळी नको ती माणसे भेटत राहतात, हे त्यामागचे कारण.

याच्या उलट बाजूही आहे. लिऑन फेस्टिंगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या विवाहित विद्यार्थ्यांच्या घरांत मैत्री कोणाशी जुळते ते पाहिले. लगतच्या दारातल्यांपैकी ४१ टक्के जोड्या मित्र होत्या. मजल्याच्या दोन टोकांना राहणाऱ्यांत हे प्रमाण १० टक्क्यांवर आले. जिन्याच्या पायथ्याशी राहणाऱ्यांच्या ओळखी वरच्या मजल्यावरही होत्या. तेव्हा पिण्याच्या पाण्याचा कूलर, इस्त्रीचे टेबल आणि नोटीस बोर्ड कुठे ठेवायचा हे ठरवणारा माणूस नकळत कोणाची कोणाशी गट्टी जमेल तेही ठरवत असतो. बहुतेक ठिकाणी हा निर्णय नळजोडणी कुठून स्वस्तात येते यावर होतो.

खोली : पहिल्या वर्षाला खोलीसोबती निवडण्याची मुभा सहसा नसते, प्रशासन यादी लावते. ब्रूस सॅसरडोट या अर्थशास्त्रज्ञांनी २००१ मध्ये डार्टमथ कॉलेजमधील अशा चिठ्ठ्या टाकल्यासारख्या जोड्यांचा अभ्यास मांडला. खोलीसोबत्याचा परिणाम गुणांवर आणि ‘फ्रॅटर्निटी’ म्हणजे विद्यार्थ्यांच्या खासगी बंधुमंडळात सामील होण्याच्या निर्णयावर दिसला, विषयाच्या निवडीवर मात्र दिसला नाही. प्रत्यक्ष कुरबुरी होतात त्या दिवा, खिडकी आणि अलार्म यांवरून. एकाने साडेपाचचा अलार्म लावायचा, दर दहा मिनिटांनी तो पुढे ढकलत सातपर्यंत झोपायचे आणि ज्याला नऊला उठायचे होते त्याने साडेपाचपासून छताकडे पाहत पडायचे, हा प्रसंग कोणत्याही वसतिगृहात घडतो. जाणते रेक्टर सत्राच्या सुरुवातीलाच दोघांकडून झोपेच्या वेळा, पाहुणे आणि झाडलोट यांविषयी लेखी कबुली घेतात. ती पाळली जाते असे नाही, पण भांडण झाले की बोट ठेवायला कागद असतो.

भोजनगृह : लहान निवासी महाविद्यालयाचे खरे केंद्र मेस. वर्ग बुडवता येतो, मेस बुडवणे परवडत नाही. पहिल्या आठवड्यात नवा विद्यार्थी भरलेले ताट हातात घेऊन मधल्या वाटेत उभा राहतो आणि कुठे बसावे म्हणून नजर फिरवतो. ते चार-पाच सेकंद अनेकांना वर्षानुवर्षे आठवतात. महिनाभरात टेबले ठरून जातात, कोणीही न ठरवता. मेसच्या वेळा हा कायमचा वादविषय, कारण स्वयंपाकघराची पाळी आणि प्रयोगशाळेची पाळी एकमेकींत अडकतात. त्यासाठी विद्यार्थ्यांची मेस कमिटी असते, आणि दाराशी दोरीला पेन बांधलेली तक्रारवही. अशी वही चाळणे उद्बोधक असते : एकच तक्रार वेगवेगळ्या हस्ताक्षरांत पानोपानी, आणि प्रत्येकीखाली एकाच हस्ताक्षरात ‘नोंद घेतली’. आजाऱ्याचे ताट खोलीवर नेण्याची पद्धत जिथे आहे तिथे कोण आजारी आहे हे डॉक्टरांच्या आधी वाढप्याला कळते.

कपडे धुण्याची खोली ही माहितीपुस्तिकेत एका ओळीत उरकली जाणारी आणि रोजच्या आयुष्यात बरीच जागा व्यापणारी सोय. यंत्रे मोजकी, सुटीचा दिवस एकच. धुणे संपूनही मालक आला नाही तर त्याचे ओले कपडे बाहेर काढावेत का, आणि किती वेळ थांबून, याचे अलिखित कायदे प्रत्येक ठिकाणी वेगळे. खोलीच्या एका कोपऱ्यात बेवारस, एकेकट्या मोज्यांचा ढीग असतोच.

सोयी आणि माणसे यांचे गणित : मोठ्या विद्यापीठात नाट्यगृह वेगळे, व्यायामशाळा वेगळी, परीक्षागृह वेगळे. इथे एकच सभागृह हे सगळे काम करते. सकाळी त्यात परीक्षेची बाके लागतात, संध्याकाळी नाटकाची तालीम होते, आणि बाके हलवली की फरशीवरच्या बॅडमिंटनच्या पिवळ्या रेषा पुन्हा दिसतात. त्यामुळे सभागृहाच्या नोंदवहीवर ताबा असणारा कारकून प्राचार्यांइतकाच महत्त्वाचा ठरतो.

माणसांचेही तसेच. रॉजर बार्कर आणि पॉल गम्प यांनी १९६४ मध्ये अमेरिकेच्या कॅन्सस राज्यातील लहान-मोठ्या शाळांची तुलना करून दाखवले की मोठ्या शाळेत उपक्रम जास्त असतात, पण लहान शाळेतला विद्यार्थी सरासरीने जास्त उपक्रमांत प्रत्यक्ष काम करतो, नुसता प्रेक्षक राहत नाही. हा अभ्यास शाळांचा असला तरी लहान महाविद्यालयाला तो चपखल बसतो. तीनशे विद्यार्थ्यांतून क्रिकेटचा संघ, वादविवाद मंडळ, वार्षिक अंक, नाटक आणि मेस कमिटी उभी करायची म्हटल्यावर तेच चेहरे सगळीकडे दिसतात. ज्याने आयुष्यात कधी रंगमंच पाहिला नाही त्याला दिवे सांभाळायला बोलावतात, कारण दुसरा कोणी मोकळा नसतो. लहान महाविद्यालयाची सर्वांत मोठी सोय कोणती, असे विचारले तर व्यायामशाळेपेक्षा या माणसांच्या टंचाईकडे बोट दाखवावे लागेल. तिची किंमतही आहे : परीक्षेच्या तोंडावर त्याच दहा-बारा जणांची दमछाक होते, आणि ते बाहेर पडले की दोन वर्षे नाटक होत नाही.

श्रम : काही संस्थांनी ही टंचाई तत्त्व म्हणूनच स्वीकारली. माउंट होल्योकमध्ये सुरुवातीला विद्यार्थिनी घरकाम वाटून घेत, त्यामुळे शुल्क कमी राही. नॉर्थ कॅरोलायनातील ब्लॅक माउंटन कॉलेजात (१९३३–१९५७) विद्यार्थी आणि शिक्षकांनी शेती केली आणि लेक ईडनकाठच्या नव्या आवारातील मुख्य इमारत स्वतःच्या हातांनी बांधली. कॅलिफोर्नियाच्या वाळवंटी खोऱ्यात एल. एल. नन यांनी १९१७ मध्ये स्थापन केलेले डीप स्प्रिंग्ज कॉलेज आजही चालते. तिथे जेमतेम तीसच्या आतबाहेर विद्यार्थी असतात. ते आठवड्याला सुमारे वीस तास गुरे, शेत आणि स्वयंपाकघर सांभाळतात, आणि नव्या विद्यार्थ्यांच्या निवडीतही त्यांच्या समितीचा मोठा वाटा असतो. मुलींना तिथे २०१८ पासून प्रवेश मिळू लागला.

आरोग्य आणि खासगीपणा : आजारी पडल्यास प्राथमिक उपचारांची खोली, ठरलेल्या वारी येणारा डॉक्टर आणि रात्री-बेरात्री रुग्णालयात पोचवणारे वाहन, एवढी किमान व्यवस्था लागते. समुपदेशकाची खोली कुठे असावी हा प्रश्न मात्र लहान आवारात नाजूक होतो. ती मुख्य कॉरिडॉरमध्ये असली तर कोण आत गेले हे जेवणापर्यंत सर्वांना ठाऊक होते, आणि मग कोणी जातच नाही. ग्रंथालयाच्या मागच्या अंगाला, जिथे कोणीही कोणत्याही कामासाठी जाऊ शकते, अशी जागा चालते.

सगळ्यांना सगळे माहीत असणे ही या जीवनाची सर्वांत जाचक बाजू. दोघांचे बिनसले तरी दिवसातून तीनदा एकाच दालनात जेवायचे असते. नापास झालेला, प्रेमात पडलेला, घरून वाईट बातमी आलेला, कोणालाच गर्दीत हरवता येत नाही. छळाची तक्रार करायची झाली तर ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे तो आणि चौकशी समितीवरचे प्राध्यापक शेजारी राहत असतात. म्हणून समितीत बाहेरचा सदस्य असणे इथे मोठ्या संस्थेपेक्षा जास्त गरजेचे आहे. विद्यार्थी आपापल्या परीने वाट काढतात. गच्चीची पायरी, ग्रंथालयातले शेवटचे कपाट, बंद वर्गाची खिडकी अशा जागा एकांतासाठी ठरलेल्या असतात, आणि तिथे बसलेल्याला हाक मारायची नाही, हे नव्यांना न सांगता कळते.

सुट्ट्या : सत्र संपले की आवार दोन दिवसांत रिकामे होते. मेस बंद होते, गरम पाणी बंद होते, ग्रंथालय कार्यालयीन वेळेवर येते. पण ज्यांना जायला घर नाही, किंवा घर फार लांब आहे, असे काही विद्यार्थी उरतातच. त्यांना विखुरलेल्या खोल्यांतून उठवून एकाच मजल्यावर आणतात, आणि छोट्या स्वयंपाकघराची किल्ली त्यांच्यातल्याच एकाकडे देतात. नव्या सत्राला मुले परततात तेव्हा आवारातली सगळी कुत्री या पाच-सहा जणांच्या मागे फिरत असतात.