नामदेव पायरी

सोलापूर जिल्ह्यातील पंढरपूर येथे विठ्ठलमंदिराच्या पूर्वेकडील महाद्वाराची पहिली पायरी. पितळी पत्र्याने मढवलेल्या या पायरीखाली संत नामदेवांची (१२७०–१३५०) समाधी आहे, अशी वारकरी संप्रदायाची श्रद्धा आहे.

आषाढ वद्य त्रयोदशी, शके १२७२ रोजी नामदेवांनी कुटुंबीयांसह येथे देह ठेवला, असे परंपरा सांगते. दरवर्षी त्या तिथीला पंढरपुरात समाधी सोहळा होतो. पंजाबातील घुमान येथेही नामदेवांची समाधी मानली जाते. त्यांची ६१ पदे गुरू ग्रंथसाहिबात असल्याने तिकडच्या श्रद्धेचे मूळही खोल आहे.

विठ्ठलाच्या दारी आपण पायरीचे चिरे होऊन राहावे आणि संतांचे पाय आपल्यावर पडावेत, अशी इच्छा नामदेवांनी अभंगात बोलून दाखवली आहे. वारकरी मात्र या पायरीवर पाय देत नाहीत. हात लावतात, कपाळ टेकवतात आणि ती ओलांडून पुढे जातात. आषाढी-कार्तिकीला दर्शनबारी फार लांबते. तेव्हा गाभाऱ्यापर्यंत पोहोचणे ज्यांना शक्य नसते ते नामदेव पायरीला डोके टेकवून, कळसाला हात जोडून माघारी वळतात. त्यांची वारी त्यामुळे अपुरी मानली जात नाही.

पायरीसमोरच संत चोखामेळा यांची समाधी आहे. ही दोन स्थळे वेगवेगळी पाहिली तर दोन्हींचा अर्थ निसटतो. चोखोबांचा जन्म महार जातीतला, म्हणून मंदिराची वाट त्यांना बंद होती. याच जिल्ह्यातील मंगळवेढ्यात गावकुसाचे काम चालू असताना भिंत कोसळून १३३८ मध्ये त्यांचा मृत्यू झाला. ढिगाऱ्यातल्या ज्या अस्थींतून विठ्ठलनाम ऐकू आले त्या चोखोबांच्या, असे ओळखून नामदेवांनी त्या पंढरपुरास आणल्या आणि महाद्वारासमोर समाधी बांधली, अशी कथा आहे. त्यानंतर बारा वर्षांनी नामदेवांनी स्वतःसाठी जागा निवडली ती मंदिराच्या आत नव्हे, तर चोखोबांच्या समोर, दाराच्या पायथ्याशी. नामदेवांच्या साऱ्या चरित्रात इतकी बोलकी निवड दुसरी नाही.

तरीही पुढची सहा शतके अस्पृश्य मानलेल्या भाविकांना या पायऱ्यांच्या वर जाता आले नाही. १ मे १९४७ रोजी साने गुरुजींनी मंदिरप्रवेशासाठी पंढरपुरात उपोषण सुरू केले. १० मे रोजी ते सुटले आणि हरिजनांना मंदिर खुले करण्याचे मान्य झाले. चोखोबांच्या समाधीपाशी थांबावे लागणाऱ्यांना महाद्वाराच्या पायऱ्या चढून विठ्ठलाच्या पायांपर्यंत जाता येऊ लागले ते त्यानंतर.