हॉलिवूडच्या संगीतपटांतील टॅप नृत्य

टॅप हा पायांनी वाजवायचा नाच आहे. बुटाच्या तळाला चवड्याखाली आणि टाचेखाली धातूची एकेक पट्टी बसवलेली असते. ती लाकडी जमिनीवर आपटली, घासली की ताल उमटतो. बोलपट आल्यावर हॉलिवूडने हा नाच उचलला, कारण तो पाहण्याइतकाच ऐकण्याचाही होता. १९३० ते १९५० ही दोन दशके त्याच्या बहराची.

त्याचे मूळ मात्र बरेच जुने आहे. आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांचा पदताल आणि आयरिश-इंग्रज स्थलांतरितांचे जिग व क्लॉग हे नाच अमेरिकेत एकमेकांत मिसळले. न्यूयॉर्कच्या फाइव्ह पॉइंट्स वस्तीत विल्यम हेन्री लेन ऊर्फ मास्टर जूबा हा कृष्णवर्णीय नर्तक १८४० च्या दशकात गाजला.

शिकणाऱ्याचा पहिला धडा ‘शफल’चा. गुडघा आणि घोटा सैल सोडून चवडा पुढे घासायचा आणि लगेच मागे ओढायचा. नाद दोन, पण स्वच्छ सुटे. कथकच्या तत्कारात तळपायाच्या आघाताला घुंगरांची साथ असते, इथे सगळा आवाज बुटाचाच. पडद्यावर ऐकू येणारे हे ठेके मात्र बहुधा नंतर वेगळे ध्वनिमुद्रित केलेले असत. अभिनेत्री-नर्तकी जिंजर रॉजर्सच्या पावलांचे आवाज अनेकदा नृत्यदिग्दर्शक हर्मिस पॅनने दिलेले आहेत.

नर्तक-अभिनेता फ्रेड अस्टेअर आणि रॉजर्स यांनी १९३३ ते १९४९ मध्ये दहा चित्रपट केले. नाचताना शरीर डोक्यापासून पायापर्यंत दिसले पाहिजे आणि मध्ये कमीत कमी काटछाट हवी, हा अस्टेअरचा आग्रह होता. तो किती रास्त होता, हे ‘ब्रॉडवे मेलडी ऑफ १९४०’मधले एलेनॉर पॉवेलबरोबरचे त्याचे नृत्य पाहिले की पटते. वाद्यवृंद थांबतो, उरतात फक्त चार पावले आणि त्यांची सवाल-जवाबासारखी लय.

ज्यांनी हा नाच घडवला त्या कृष्णवर्णीय कलावंतांना पडद्यावर मात्र जागा तुटपुंजीच मिळाली. त्यांची नृत्ये कथेपासून अलग ठेवली जात, म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेकडील, वर्णभेद पाळणाऱ्या राज्यांत ती सहज कापता येत. बिल ‘बोजँगल्स’ रॉबिन्सनचे जिन्यावरचे नृत्य प्रसिद्ध होते. १९३५ च्या ‘द लिटल कर्नल’मध्ये त्याने ते चिमुरड्या शर्ली टेंपलबरोबर केले. त्यात दोघे एकमेकांचा हात धरतात, तेवढेही त्या राज्यांत चालले नाही.

‘स्टॉर्मी वेदर’ (१९४३) या चित्रपटात फेयार्ड आणि हॅरल्ड निकोलस हे भाऊ भल्यामोठ्या पायऱ्या उतरतात. एक जण दुसऱ्याच्या डोक्यावरून उडी घेतो, खालच्या पायरीवर दोन्ही पाय फाकून पडतो आणि हात न टेकता उभा राहतो. मग मागचा त्याच्यावरून उडतो. खुद्द अस्टेअरने या नृत्याला चित्रपटांतील सर्वश्रेष्ठ मानले होते, आणि त्यात अतिशयोक्ती नाही.

१९५२ च्या ‘सिंगिन इन द रेन’मध्ये जीन केली आणि डोनाल्ड ओकॉनर या मुरलेल्या नर्तकांसोबत डेबी रेनल्ड्स नाचली. ती मुळात जिम्नॅस्ट. ‘गुड मॉर्निंग’ गाण्याच्या चित्रीकरणानंतर तिच्या पायांतून रक्त आले होते. पुढे दूरचित्रवाणी आणि रॉक संगीताच्या लाटेत संगीतपट मागे पडले, तसा टॅपही. १९८९ मध्ये अमेरिकेने रॉबिन्सनचा जन्मदिवस, २५ मे, हा राष्ट्रीय टॅप नृत्य दिन ठरवला.