सेवामुक्ती-नोंदींची दुरुस्ती (भारतीय सैन्य)

सैन्यातून बाहेर पडताना सैनिकाच्या हाती पडणाऱ्या कागदपत्रांत राहून गेलेल्या चुका सुधारून घेण्याची कार्यपद्धती. या कागदपत्रांत मुख्यतः डिस्चार्ज बुक, सेवामुक्तीचे प्रमाणपत्र आणि निवृत्तिवेतन अदायगी आदेश (पीपीओ) यांचा समावेश होतो. माजी सैनिक या दुरुस्तीला ‘पार्ट टू करून घेणे’ म्हणतात. या बोलीतल्या नावातच विषयाचे मर्म आहे. डिस्चार्ज बुक ही मूळ नोंद नव्हे, ती एक नक्कल आहे. मूळ नोंद रेकॉर्ड ऑफिसातील शीट रोलमध्ये, म्हणजे सैनिकाच्या सेवेच्या नोंदपत्रात, असते आणि त्या शीट रोलमध्ये भाग दोन आदेशाशिवाय, म्हणजे नोंदीतील बदल जाहीर करणाऱ्या ‘पार्ट टू ऑर्डर’शिवाय, काहीही बदलत नाही. त्यामुळे पुस्तकातील चुकीचे अक्षर खोडून वर बरोबर अक्षर लिहिले तर दुरुस्ती तर होत नाहीच, उलट खाडाखोड केलेला कागद म्हणून सैनिकच अडचणीत येतो.

कायद्याचा आधार : सैन्य अधिनियम, १९५० च्या कलम २३ नुसार बडतर्फ, सेवेतून दूर, सेवामुक्त वा निवृत्त झालेल्या प्रत्येक कनिष्ठ आयुक्त अधिकाऱ्यास (जेसीओ) आणि भरती झालेल्या सैनिकास त्याच्या कमान अधिकाऱ्याने प्रमाणपत्र दिले पाहिजे. सेवा कोणाच्या अधिकाराने संपवली, कोणत्या कारणाने संपवली आणि एकूण सेवाकाळ किती, या तीन गोष्टी त्यात नमूद कराव्या लागतात. हे प्रमाणपत्र इंग्रजीबरोबर सैनिकाच्या मातृभाषेतही असावे, असे कलमाचे शब्द आहेत. नोंदींच्या दुरुस्तीची चर्चा करताना या तरतुदीकडे सहसा दुर्लक्ष होते. ते योग्य नाही. स्वतःच्या भाषेतला कागद सैनिकाला त्याच दिवशी वाचता आला, तर पुढील बऱ्याच चुका त्याच टेबलावर सापडतील.

कारणाच्या रकान्यात सैन्य नियम, १९५४ मधील नियम १३ च्या तक्त्यातील शब्दप्रयोग येतात. ‘भरतीच्या अटी पूर्ण झाल्यावर’, ‘स्वतःच्या विनंतीवरून’, ‘वैद्यकीय दृष्ट्या अयोग्य’ अशी त्यांची तऱ्हा असते. सेवामुक्ती (डिस्चार्ज) आणि बडतर्फी (डिसमिसल, कलम २०) या वेगळ्या गोष्टी आहेत. बडतर्फ सैनिकाचे निवृत्तिवेतन सामान्यतः बुडते. म्हणून या रकान्यातील दुरुस्ती ही लेखनिकाची चूक सुधारण्यापुरती राहत नाही. तिथे मूळ आदेशालाच आव्हान द्यावे लागते.

पूर्वपीठिका : सैनिकाची ओळख कागदावर बांधून ठेवण्याची रीत हिंदुस्थानात जुनी आहे. अलाउद्दीन खल्जीच्या काळी (कार. १२९६–१३१६) घोड्यांना डाग देण्याची आणि स्वारांचा हुलिया (शरीरवर्णन) लिहून ठेवण्याची पद्धत सुरू झाली, असे इतिहासकार बरनीच्या वृत्तान्तावरून सामान्यतः मानतात. शेरशाहने ती पुन्हा अमलात आणली आणि अकबराने १५७३–७५ च्या सुमारास तिला पक्के रूप दिले. मोगल ‘चेहरा’ म्हणजे स्वाराचे वर्णनपत्र. त्यात त्याचे नाव, बापाचे नाव, जात, मूळ गाव, वर्ण, कपाळ, भुवया, नाक, अंगावरील व्रण आणि उंची लिहीत. बदली माणूस उभा करून पगार लाटण्यास आळा घालणे हा यामागचा हेतू होता. मराठीतील ‘चेहरेपट्टी’ हा शब्द आज फक्त चेहऱ्याच्या ठेवणीपुरता उरला आहे. तो याच व्यवहारातून आला असावा.

आजच्या शीट रोलचे मूळ मात्र वादग्रस्त आहे. ते थेट मोगल चेहऱ्यात आहे, असे एक मत आहे. दुसऱ्या मतानुसार ब्रिटिश पलटणींत अठराव्या शतकापासून ठेवल्या जाणाऱ्या वर्णनवह्या कंपनी सरकारच्या फौजांनी उचलल्या आणि शीट रोल त्यांतून आला. रकान्यांचा क्रम, मस्टर रोलशी (हजेरीपटाशी) असलेली सांगड आणि इंग्रजी नमुने पाहता दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. तरीही बापाचे नाव, जात, गाव आणि ओळखखूण या तपशिलांवरील भर देशी परंपरेशी इतका जुळतो की, साचा विलायती आणि आशय इथला अशी सरमिसळ झाली असण्याचा संभव मोठा आहे. ‘डाव्या गालावर तीळ’ ही डिस्चार्ज बुकातील ओळ या लांब परंपरेची शेवटची कडी आहे. ओळखीसाठी लिहिलेली हीच ओळ चुकली, म्हणजे तीळ उजव्या गालावर निघाला, तर हयातीच्या दाखल्यावेळी म्हाताऱ्या सैनिकाला आपण तोच माणूस आहोत हे सिद्ध करत बसावे लागते.

चुकांचे स्वरूप : बहुतेक चुका सेवामुक्तीच्या दिवशी होत नाहीत. त्या भरतीच्या दिवशी झालेल्या असतात आणि पंधरा-वीस वर्षे कोणाच्या लक्षात येत नाहीत. महाराष्ट्रातील सैनिकांच्या नोंदींत नावांचा घोळ ठळक आहे. रोमन लिपीत ‘ळ’ नाही, त्यामुळे काळेचा ‘काले’ आणि साळवेचा ‘सालवे’ होतो. तेच नाव पुन्हा देवनागरीत उतरवताना ‘ल’ कायम राहतो. वडिलांचे नाव मधे लिहिण्याची मराठी रीत आणि नाव-आडनाव एवढेच मागणारा रकाना यांचाही मेळ बसत नाही. पत्नीच्या बाबतीत अडचण आणखी खोल आहे. लग्नात मुलीचे नाव बदलण्याची चाल अनेक घरांत होती. सैनिकाने लग्नाची नोंद करताना सासरचे नाव दिले, शाळेच्या दाखल्यावर माहेरचे राहिले आणि आधार कार्डावर लोक ज्या नावाने हाक मारतात ते आले. एकाच बाईची अशी तीन नावे पुढे कुटुंब निवृत्तिवेतनाच्या वेळी तीन बायका होऊन उभी राहतात, आणि त्या वेळी खुलासा करायला नवरा हयात नसतो.

जन्मतारखेचे प्रकरण याहून नाजूक आहे. महाराष्ट्रातील एका पिढीतील असंख्य लोकांची जन्मतारीख १ जून आहे, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी ती तशी लिहिली. भरतीच्या वेळी शाळेचा दाखला प्रमाण मानला गेल्यामुळे हीच तारीख शीट रोलमध्ये उतरली. आईला आठवणारी तिथी खरी असली, तरी नोंदीच्या दृष्टीने १ जून ही चूक नव्हे. दाखल्यात एक आणि शीट रोलमध्ये दुसरी तारीख असेल, तरच दुरुस्तीचा प्रश्न येतो. पत्नीच्या जन्मतारखेलाही पैशाच्या दृष्टीने मोल आहे. कुटुंब निवृत्तिवेतनात वयाच्या ८० व्या वर्षापासून २० टक्के, ८५ पासून ३०, ९० पासून ४०, ९५ पासून ५० आणि शंभरीनंतर १०० टक्के वाढ मिळते. नोंदीत वय पाच वर्षांनी कमी लागले असेल, तर ती वाढ पाच वर्षे उशिरा सुरू होते.

सेवाकाळाच्या नोंदीत गैरहजेरीचे दिवस, रजा आणि राखीव सेवा (रिझर्व्ह) यांच्या हिशेबात चुका आढळतात. जवानाला सेवा निवृत्तिवेतनासाठी १५ वर्षांची सेवा लागते. जुन्या पद्धतीत कलर (प्रत्यक्ष सेवा) आणि रिझर्व्ह मिळून १५ वर्षे भरली तरी राखीव सैनिकाचे निवृत्तिवेतन मिळे. अशा वेळी काही महिन्यांची चूक निर्णायक ठरते. पदके आणि शैक्षणिक पात्रता यांच्या नोंदी राहून जाणे हा नेहमीचाच प्रकार आहे.

दुरुस्तीची रीत : अर्ज सैनिकाच्या रेजिमेंटच्या वा कोअरच्या रेकॉर्ड ऑफिसकडे जातो. मराठा लाइट इन्फन्ट्रीसाठी बेळगाव, महार रेजिमेंटसाठी सागर, तोफखान्यासाठी नाशिक रोड, चिलखती दलासाठी अहिल्यानगर (अहमदनगर) आणि बॉम्बे इंजिनिअर ग्रुपसाठी खडकी ही ठिकाणे आहेत. नौसैनिकांच्या नोंदी मुंबईत मानखुर्दच्या ब्यूरो ऑफ सेलर्सकडे आणि वायुसैनिकांच्या दिल्लीत सुब्रतो पार्क येथे असतात. सैनिक मंडळी बहुधा जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत अर्ज पाठवतात. तिथे कागद तपासून मिळतात, म्हणून हा मार्ग सोयीचा आहे. सोबत प्रतिज्ञापत्र, शाळा सोडल्याचा दाखला वा जन्म-मृत्यू नोंदवहीचा उतारा, आणि नाव खरोखर बदलले असेल तर राजपत्रातील प्रसिद्धी जोडतात. नाव बदलणे आणि नावाचे चुकलेले लेखन सुधारणे यांत फरक आहे. अर्जात तो स्पष्ट केला नाही, तर साध्या लेखनदोषासाठीही राजपत्राची मागणी होते.

रेकॉर्ड ऑफिसने म्हणणे मान्य केले की भाग दोन आदेश निघतो, शीट रोलमध्ये बदल होतो आणि प्रयागराज येथील प्रधान संरक्षण लेखा नियंत्रक (निवृत्तिवेतन) यांच्याकडे सूचना जाते. तिथून शुद्धिपत्रक पीपीओ निघतो. २०२१ पासून ‘स्पर्श’ या संगणकीय प्रणालीत ही माहिती भरली जाऊ लागली. जुन्या कागदांवरील तफावत त्यानंतर अधिक उघडी पडली, कारण यंत्र ‘किसन’ आणि ‘किशन’ यांना एक मानत नाही.

जन्मतारखेचा वाद : या विषयातील सर्वांत गाजलेले प्रकरण लष्करप्रमुख जनरल व्ही. के. सिंह यांचे आहे. लोकसेवा आयोगाच्या प्रवेश अर्जात त्यांची जन्मतारीख १० मे १९५० होती, तर मॅट्रिकच्या प्रमाणपत्रात १० मे १९५१. ॲड्जुटंट जनरल शाखेने १९५१ ग्राह्य धरले आणि मिलिटरी सेक्रेटरी शाखेकडे १९५० राहिले. एकाच सैन्यात एकाच अधिकाऱ्याच्या दोन जन्मतारखा अनेक वर्षे नांदल्या. संरक्षण मंत्रालयाने त्यांची वैधानिक तक्रार ३० डिसेंबर २०११ रोजी फेटाळली. त्यानंतर ते सर्वोच्च न्यायालयात गेले. सेवेत असलेल्या लष्करप्रमुखाने सरकारविरुद्ध न्यायालयात जाण्याचा हा पहिलाच प्रसंग मानला जातो. न्या. लोढा आणि न्या. गोखले यांच्यापुढील सुनावणीत १० फेब्रुवारी २०१२ रोजी त्यांनी याचिका मागे घेतली आणि ३१ मे २०१२ रोजी ते निवृत्त झाले. प्रश्न प्रत्यक्ष जन्मतारखेचा नसून सेवानोंदीत मान्य झालेल्या तारखेचा आहे, असा या सुनावणीचा रोख होता. सेवेच्या अखेरीस जन्मतारीख बदलून मागू नये, ही न्यायालयांची भूमिका त्यापूर्वीही कायम होती. पण तिचा अर्थ सगळ्याच दुरुस्त्यांना आडकाठी असा लावणे चूक आहे. दाखला बरोबर असताना लेखनिकाने आकडा चुकवला असेल, तर त्याचा भुर्दंड सैनिकावर टाकता येऊ नये.

वैद्यकीय नोंदी आणि शेरे : वैद्यकीय कारणाने सेवामुक्त झालेल्याच्या कागदावर विकलांगता ‘सेवेमुळे उद्भवलेली’ वा ‘सेवेमुळे वाढलेली’ आहे की नाही, हे लिहिलेले असते. ‘नाही’ लिहिले की विकलांगता निवृत्तिवेतन अडते. टक्केवारी २० पेक्षा कमी लागली तरीही सामान्यतः तेच होते. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये स्पष्ट केले की, भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर सैनिक तेव्हा निरोगी होता असे गृहीत धरावे; उलट म्हणणे असेल तर ते सिद्ध करण्याची जबाबदारी सैन्यावर राहील आणि वैद्यकीय मंडळाने कारणे दिली पाहिजेत. इथेही पहिल्या दिवसाचा कोरा रकानाच सैनिकाच्या कामी येतो. २०२३ च्या नव्या पात्रता नियमांनंतर सेवामुक्त झालेल्यांची चौकट वेगळी आहे.

शिस्तभंगाच्या ‘रेड इंक’ नोंदी (लाल शाईने लिहिलेल्या शिक्षांच्या नोंदी) चार झाल्या की सेवामुक्ती, असा समज पलटणींत रूढ आहे. चार नोंदी म्हणजे आपोआप सेवामुक्ती नव्हे, त्या नोंदींचे स्वरूप आणि सैनिकाची सेवा पाहूनच निर्णय घ्यावा, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये सांगितले.

न्यायाधिकरण : रेकॉर्ड ऑफिसने नकार दिला तर सशस्त्र दल न्यायाधिकरण अधिनियम, २००७ खाली दाद मागता येते. न्यायाधिकरणाचे काम २००९ मध्ये सुरू झाले. त्याचे एक पीठ मुंबईत आहे. आधी खात्यांतर्गत मार्ग वापरावे लागतात (कलम २१). अंतिम आदेशापासून सहा महिन्यांची मुदत असते (कलम २२), पण सबळ कारणासाठी उशीर माफ होतो. निवृत्तिवेतनाचे नुकसान दरमहा नव्याने होत असल्याने जुन्या चुकीसाठीही दार बंद होत नाही. मात्र सर्वोच्च न्यायालयाच्या २००८ च्या निकालानुसार थकबाकी सामान्यतः मागील तीन वर्षांपुरतीच मिळते. न्यायाधिकरणाच्या आदेशाविरुद्ध उच्च न्यायालयात रिट अर्ज करता येतो की नाही, यावर २०१५ नंतर संदिग्धता होती. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो मार्ग खुला असल्याचे ठरवले.

अन्य देश : अमेरिकेत १९४४ च्या कायद्याने सेवामुक्ती पुनर्विलोकन मंडळे आणि १९४६ च्या कायद्याने नागरी सदस्यांची नोंद-दुरुस्ती मंडळे स्थापन झाली. पहिल्यांसाठी १५ वर्षांची आणि दुसऱ्यांसाठी चूक लक्षात आल्यापासून तीन वर्षांची मुदत आहे. न्यायाच्या हितासाठी दुसरी मुदत शिथिल होते. १९४६ पूर्वी अशा दुरुस्तीसाठी काँग्रेसमध्ये (तिथल्या संसदेत) खाजगी विधेयक आणावे लागे. भारतात असे स्वतंत्र नागरी मंडळ नाही.

नष्ट झालेल्या नोंदी : सेंट लुईस येथील अभिलेखागाराला १२ जुलै १९७३ रोजी लागलेल्या आगीत अमेरिकी सैनिकांच्या १.६ ते १.८ कोटी फायली जळाल्या. भारतात असे अग्निकांड झाले नाही, पण निवृत्तिवेतन न मिळणाऱ्या सैनिकांचे कागद ठरावीक २५ वर्षांनंतर नियमानेच नष्ट केले जातात. त्यानंतर घरातील ट्रंकेत जपून ठेवलेले डिस्चार्ज बुक एवढाच पुरावा उरतो आणि त्यातील चूक पडताळून पाहायला शीट रोल शिल्लक नसतो. अशा वेळी पदकावर कोरलेला क्रमांक व नाव, जुनी वेतनपुस्तिका, पलटणीतून आलेली पत्रे यांच्या आधारे दावे चालवले जातात.